रीडिंग

मथूताई रोह्याहून आली ती म्हणाली,
गुडघा बदलायच्या आधी तुझं ठाणं एकदा चालून बघते,
नंतर तो पाय माझा की डॉक्टरचा, कुणास ठाऊक.

मला हसू आलं. एकतीस वर्षं मी हे शहर चाललो,
पण जिन्याखालून.
टॉर्च, वही, कोळिष्टकं,
चकती फिरते की अडकली एवढं बघायचं
आणि पुढची इमारत.
वर कुणाची गॅलरी, कुंडीत काय लावलंय,
त्याला आमच्या वहीत रकाना नव्हता.

साडेसातला निघालो.
कोपिनेश्वराला तिने बेल वाहिला
आणि तलावपाळीवर कुरमुऱ्यांवरून भांडली,
पाचाचे देत नाही म्हणजे काय,
मग दहाचे घेतले.
मासे वर आले, तोंडं उघडून, एकमेकांवर चढत,
पगाराच्या दिवशी खिडकीशी आम्ही यायचो तसे.
उरलेले मूठभर तिने पदराला गाठ मारून ठेवले.

जांभळी नाक्याला सगळ्या भाज्यांचे भाव विचारले,
घेतलं काही नाही.
टेंभी नाक्याला सिनेगॉगच्या फाटकाशी थांबली.
मी माहिती सांगायला घसा खाकरला,
तर तीच म्हणाली, शनवार तेल्यांचं ना हे?
होते की आमच्या आळीत. शनवारी घाणा बंद.
मग एक दिवस घरच बंद. आईने त्यांची मांजर सांभाळली.
मला ती मांजर आठवेना.
ताई म्हणाली, तू लहान होतास,
आणि तिथून चेंदणीपर्यंत काही बोलली नाही.

कोळीवाड्यात उंबऱ्यावर सोडे निवडत बसलेल्या
शेवंती नाखव्यांनी हाक मारली, ओ मीटरवाले!
म्हटलं, रिटायर झालो.
मग आता बिल कुणावर ओरडायचं?
ताईला त्यांनी पाट दिला, पाणी दिलं,
मला उभंच ठेवलं, सवयीने.

साठ तळी होती म्हणतात तुझ्या गावात,
ताई म्हणाली, उरलेली तरी दाखव.
सिद्धेश्वर दाखवला. कचराळीला बाकावर बसून
आंबोळी खाल्ली, डब्यातली, गार.
आणि मग मला ते तळं आठवलं
जे कुणाला दाखवता येत नाही.

गल्लीचं नाव सांगत नाही, लोक राहतात तिथे.
इमारतीचं नाव 'जलतरंग',
बिल्डरला तेवढी तरी लाज होती.
भर मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत,
इथल्या पंपाचं रीडिंग कधी उतरलं नाही.
साहेबांनी मला दोनदा परत पाठवलं, चुकलास म्हणून.
चुकलो नव्हतो.
तळघरात पाणी वर येतं,
पंप उपसतो,
ते पुन्हा येतं.
शेऱ्यात मी लिहिलं होतं, तळे चालू आहे.
साहेबांनी लाल पेनाने खोडलं.

ताई कठडा धरून, आडवी होऊन,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली.
खाली ओल्या चुन्याचा वास, दोन स्कूटर,
आणि कोपऱ्यातल्या हौदाच्या जाळीखाली
काळं, हलणारं.
तिने पदराची गाठ सोडली.
वॉचमन म्हणाला, ओ आजी, मासे नाहीयेत इथे.
तू आत उतरून बघितलंस? ताई म्हणाली.
तो पोरगा खरंच वाकून बघायला लागला.
तिघंही बघत राहिलो.
पंप सुरू झाला तेव्हा जाळी थरथरली
आणि कुरमुरे गोल गोल फिरायला लागले.

परतताना मात्र रिक्षा केली,
गुडघा टरारून सुजला होता.
रिक्षावाल्याने मीटर टाकला,
मी वाकून आकडा बघितला.
ताईने मानेला धरून माझं तोंड बाहेर वळवलं,
लहानपणी भांग पाडताना वळवायची तसं.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं,
त्याखालच्या गॅलरीत अबोली.
गोखले रोडला रहदारी तुंबलेली,
त्यामुळे नीट बघून झालं.